हळदीच्या पाकिटावर कोणता बारकोड? आधी ठरवा, तो वाचणार कोण

वसमत भागातल्या एका महिला बचत गटाच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही हळद पावडर १००, २०० आणि ५०० ग्रॅमच्या पाकिटात विकतो. आजवर आठवडी बाजार आणि प्रदर्शनं केली. आता नांदेडचं एक मार्ट माल ठेवायला तयार आहे, पण बारकोड पाहिजे म्हणतं. डिझाइन करणारा मुलगा म्हणतो क्यूआर टाकू, त्यात सगळी माहिती बसते. भाचा म्हणतो ८९० चे कोड ऑनलाइन स्वस्तात मिळतात. आम्ही नक्की काय करावं?"

ताई, आधी सरळ उत्तर देतो. मार्टसाठी ईएएन-१३ घ्या, म्हणजे किराणा मालावर दिसतो तो तेरा आकडी, उभ्या रेघांचा बारकोड, आणि तो क्रमांक तुमच्याच गटाच्या किंवा कंपनीच्या नावावर नोंदवलेला असू द्या. क्यूआर हौसेने टाकायचा असेल तर पाकिटावर वेगळा टाका, त्याच्या जागी नको. आता कारणं. मी लातूरला लेबलं, प्रिंटर आणि बिलिंगच्या वेळी बारकोड वाचणाऱ्या गनचं काम करतो, वीस-एक वर्षं झाली. लोकांचे पैसे कुठे बुडतात ते पाहिलंय, त्यात माझेही बुडालेत, तो किस्सा पुढे येईलच.

बहुतेकांना वाटतं की त्या रेघांमध्ये भाव, वजन, कंपनीचं नाव असं सगळं भरलेलं असतं. त्यात फक्त एक क्रमांक असतो. मोंढ्यात पोत्यावर मार्का टाकतात ना, तसं समजा. पोत्यावर मार्का, आणि त्या मार्क्यापुढे शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव हे सगळं आडत्याच्या वहीत. काउंटरवरची गन मार्का वाचते, भाव येतो वहीतून, म्हणजे मार्टच्या कॉम्प्युटरमधून. म्हणून पाकिटावर बारकोड छापला आणि मार्टवाल्याने तुमच्या मालाची एंट्रीच केली नाही, तर गन टिंग करेल आणि स्क्रीनवर काहीच येणार नाही. "बारकोड चालत नाही" म्हणून जे फोन येतात, त्यातले कितीतरी असेच असतात. बारकोड ठणठणीत असतो, वहीत पान नसतं.

रेघांची ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत नॉर्मन वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी १९४९ मध्ये पेटंटचा अर्ज केला. वुडलंडला तारेचा मोर्स कोड येत होता. समुद्रकाठी वाळूत बसून त्याने कड-कट्टचे ठिपके आणि डॅश बोटांनी खाली ओढले आणि त्याच्या बारीक-जाड रेघा झाल्या. दुकानात प्रत्यक्ष पहिली वस्तू स्कॅन व्हायला मात्र २६ जून १९७४ उजाडला. ओहायोतल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं एक पाकीट.

आता गन रेघा वाचते कशी, ते एकदा नीट बघा, कारण पुढचे सगळे नियम तिथूनच निघतात. गन लाल उजेड टाकते. पांढऱ्यावरून उजेड परत येतो, काळा तो गिळतो. परत आलेल्या उजेडाच्या चढ-उतारावरून कोणती पट्टी किती रुंद, याचं प्रमाण ती मोजते. ईएएन-१३ मध्ये प्रत्येक आकड्याला सारख्या रुंदीची सात घरं मिळतात, आणि त्या सातांत दोन काळ्या, दोन पांढऱ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. उदाहरणार्थ उजव्या अर्ध्या भागातला ५: काळी एक घर, पांढरी दोन, काळी तीन, पांढरी एक. डाव्या भागात तोच ५ उलटा: पांढरी एक, काळी दोन, पांढरी तीन, काळी एक. दोन्ही बाजूंची रचना वेगळी असल्यामुळे पाकीट उलटं धरलं तरी गनला कळतं. दोन्ही टोकांना आणि मध्ये ज्या जरा लांब जोडरेघा दिसतात, त्या आकडे नव्हेत, शेताच्या बांधासारख्या हद्दी दाखवतात. सगळी मिळून ९५ घरं.

यात एक गंमत आहे. आकडे तेरा, पण रेघा बाराच आकड्यांच्या. सगळ्यात डावीकडे बाहेर छापलेला ८ रेघांमध्ये काढलेलाच नसतो. डावीकडचे सहा आकडे दोन पद्धतींनी काढता येतात. कोणता आकडा कोणत्या पद्धतीने काढलाय त्या क्रमावरून गन ओळखते की पहिला आकडा ८ आहे. ज्याने हे बसवलं त्याला नमस्कार.

शेवटचा आकडा राखणदार असतो. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे आकडे एकपट, दुसरा, चौथा, सहावा असे तिप्पट करून बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला जायला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. समजा पहिले बारा २०००००० १२३४५ आहेत. एकपटवाले २, २ आणि ४ मिळून ८. तिप्पटवाले १, ३, ५ मिळून ९, त्याचे २७. एकूण ३५, म्हणजे शेवटी ५. हाताने टाइप करताना ३ आणि ४ ची अदलाबदल झाली तर बेरीज ३७ होते, ५ जुळत नाही, मशीन नाही म्हणतं. पण शेजारच्या दोन आकड्यांत बरोबर पाचाचा फरक असेल, म्हणजे १ आणि ६ किंवा २ आणि ७, आणि त्यांची अदलाबदल झाली, तर हा राखणदार झोपलेला असतो. म्हणून क्रमांक हाताने मारू नका, गननेच घ्या.

आता भाच्याचं बोलणं. ८९० ने सुरू होणारे क्रमांक आपल्याकडे जीएस१ इंडिया ही संस्था देते. ८९० म्हणजे माल भारतात बनला असा अर्थ नाही. नोंदणी भारतात झाली, एवढंच त्यातून कळतं. ६९० वरून चिनी माल ओळखा असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात, तेही तेवढ्यापुरतेच खरे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा क्रमांक कुणीतरी आधी आपल्या नावावर घेतलेला असतो आणि त्यातले तुकडे विकत असतो. सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि पेरणी तुमची, असा तो व्यवहार. गल्लीतल्या दुकानात खपून जाईल. पण मोठी मार्ट आणि ऑनलाइन विक्रीच्या साइट क्रमांकाचा मालक तपासतात. तिथे दुसऱ्याचं नाव निघालं तर माल परत. पाकिटं छापून झाल्यावर हे कळलं तर रद्दीत घालायची. फुकट वेबसाइट फक्त रेघांचं चित्र काढून देते. चित्र बरोबरच असतं, पण आतला क्रमांक कुणाचा याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आणखी एक गफलत बघितलीये. एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबरच बारकोड म्हणून छापून आणतात. तो परवाना आहे, तो छापावाच लागतो, पण बारकोडाशी त्याचा संबंध नाही.

क्रमांक किती लागतील? जितक्या वेगळ्या वस्तू तितके. १००, २०० आणि ५०० ग्रॅम म्हणजे तीन. उद्या मिरची पावडर काढली की तिचे वेगळे. बॅच बदलली म्हणून क्रमांक बदलत नाही. एमआरपी वाढली की दुकानात काही दिवस एकाच बारकोडाचा जुना आणि नवा माल शेजारी असतो. तेव्हा बिलिंगवाला दोन्ही भाव स्क्रीनवर घेऊन कुठला ते विचारतो, त्याची तुम्ही काळजी करू नका.

मग बाकीचे प्रकार कशाला आहेत? इथे माझा एकच नियम: बारकोड कोण वाचणार आणि कुठे वाचणार, ते आधी. दुसऱ्याच्या काउंटरवर वाचला जाणार असेल तर ईएएन-१३, त्यात निवडीला जागाच नाही. फारच छोटं पाकीट असेल तर ईएएन-८ असतो, त्याचे क्रमांक वेगळे मागावे लागतात. तुमच्या १०० ग्रॅमच्या पाऊचला त्याची गरज नाही.

फक्त तुमच्याच चार भिंतींत वाचला जाणार असेल तर कुणाकडे काही विकत घ्यायला नको. लातूरच्या गंजगोलाईतला कापड दुकानदार साड्यांना स्वतःचे नंबर देतो, त्याला कोड १२८ हा रेघांचाच दुसरा प्रकार उत्तम. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कोड ३९ दिसतो. तो १९७४ चा आहे, साधा, भरवशाचा, पण जागा फार खातो. दहा आकडी नंबर २०३ डीपीआयच्या, म्हणजे इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या प्रिंटरवर दोन ठिपक्यांच्या रेघेने काढला तर कोड १२८ साधारण साडेबावीस मिलिमीटरमध्ये बसतो, कारण तो आकडे जोडीजोडीने भरतो. तोच नंबर कोड ३९ मध्ये ४७-४८ मिलिमीटर घेतो. साडीच्या टॅगवर ते परवडत नाही. वाळूजच्या कारखान्यांत सुट्या भागांच्या ट्रेवर मात्र कोड ३९ अजून भेटतो. पुढच्या कंपनीची सिस्टीम तेच मागते, मग तुम्ही शहाणपणा करून उपयोग नाही.

सुट्या तूरडाळीवर मार्टमध्ये वजनकाटा जे स्टिकर काढतो ते नीट बघा, ते २ ने सुरू होतं. २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक दुकानाच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेत. मधले आकडे मालाचे, त्यापुढचे वजनाचे किंवा किमतीचे. म्हणजे बारकोडात भाव नसतो या माझ्या वाक्याला हा एक अपवाद. बाहेर त्या स्टिकरला काही अर्थ नाही. शेजारच्या दुकानात तोच क्रमांक साखरेचा असू शकतो.

खोक्यावर आयटीएफ-१४ लागतो. भोवती जाड काळी चौकट असलेला, भल्यामोठ्या रेघांचा. पुठ्ठ्यावर शाई पसरते, म्हणून त्याच्या बारीक रेघाच अर्धा ते एक मिलिमीटरच्या असतात. बॅच नंबर, एक्स्पायरी हे सगळं बारकोडात पाहिजे असेल तर जीएस१-१२८. पण हे वितरकाने मागितल्यावर बघू. आज त्यावर पैसे घालू नका.

आता क्यूआर. तो जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या टीमने १९९४ मध्ये काढला, गाड्यांच्या सुट्या भागांसाठी. तुमचा डिझाइनवाला खोटं बोलत नाही, माहिती खरंच पुष्कळ बसते. थोडा भाग फाटला, मळला तरी तो वाचला जातो, सगळ्यात वरच्या पातळीला सुमारे ३० टक्के नुकसान सोसतो. पण मार्टच्या काउंटरवर अजून पुष्कळ ठिकाणी फक्त सरळ रेघा वाचणारी लेझर गन असते. तिला क्यूआर म्हणजे नुसते ठिपके. २०२७ च्या अखेरपर्यंत काउंटरवर चौकोनी कोडही वाचता यावेत असा जीएस१चा जगभर प्रयत्न चाललाय, तेव्हा पुढे चित्र बदलेल. औषधांत आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडना कोड छापणं सक्तीचंही झालंय. तुमच्या पाकिटावर मात्र आज क्यूआर गिऱ्हाइकासाठी, रेघा कॅशियरसाठी.

क्यूआरमध्ये मराठी मजकूर कोंबू नका. देवनागरीचं एकेक अक्षर, आणि काना-मात्राही वेगळी, तीन-तीन बाइट घेते. 'वसमतची हळद' एवढ्यालाच २८ बाइट लागतात. चार ओळींची माहिती भरली की चौकोन इतका दाट होतो की साध्या मोबाइलला दिसत नाही. छोटी वेब लिंक टाका, आणि वसमतच्या हळदीच्या जीआय मानांकनाची गोष्ट, गटाचे फोटो सगळं त्या पानावर ठेवा. पान नंतर बदलता येतं, छापलेलं पाकीट बदलता येत नाही. क्यूआरखाली 'आमच्याबद्दल वाचा' असं लिहा. नाहीतर माणसं पेमेंटचं ॲप उघडून स्कॅन करतात आणि चालत नाही म्हणतात.

आता पैसे बुडण्याची जागा. धंद्याच्या पहिल्या वर्षांत एका मसालेवाल्याच्या मिरची पावडरच्या पाऊचचं आर्टवर्क मी पास केलं. रेघा मिरचीला शोभतील अशा लालभडक, पांढऱ्यावर. काय सुंदर दिसत होतं! माल आला, गन मारली, शांतता. गनचा उजेड लाल, लाल रेघेवरून तो तसाच परत येतो, म्हणजे गनच्या लेखी ते कोरं पाकीट. सगळ्या पाऊचवर हाताने पांढरे स्टिकर चिकटवले, घरची माणसं लावली, खर्च माझ्या खिशातून. तेव्हापासून माझ्या टेबलात लाल जिलेटिन कागदाचा तुकडा असतो. आर्टवर्क त्यातून बघायचं. जी रेघ तुम्हाला दिसेनाशी होते ती गनलाही दिसत नाही. तुमची हळद पिवळी, तर पिवळ्यावर काळ्या किंवा गडद निळ्या रेघा खुशाल टाका. लाल, नारंगी, तपकिरी रेघा नको. चकचकीत सोनेरी पाऊचवर खाली पांढरा पट्टा घेऊनच काळं छापा.

मापाचं म्हणाल तर पूर्ण आकार ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर, डाव्या-उजव्या कोऱ्या जागेसकट. जागा नसेल तर ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण ३० बाय २१ पर्यंत उतरा, त्याखाली नको. उंची थोडी छाटली तर सहसा भागतं, रुंदी छाटायची नाही. आणि ती कोरी जागा! डिझाइनवाल्यांना ती रिकामी दिसली की हात शिवशिवतात, तिथे हिरवा ठिपका किंवा पत्ता सरकवतात. डावीकडे सगळ्यात बारीक रेघेच्या अकरापट, उजवीकडे सातपट जागा मोकळी हवी, नाहीतर रेघा कुठे सुरू होतात ते गनला कळत नाही. चित्र जेपीजीमध्ये घेऊन कोपऱ्याला धरून ताणू नका, व्हेक्टर फाइल मागा, ती लहान-मोठी केली तरी रेघा फाटत नाहीत. पाऊचवाल्याला सांगा की रोल ज्या दिशेने पळतो त्याच दिशेने रेघा ठेव, म्हणजे शाई ओढली तरी रेघ लांब होते, जाड होत नाही. सीलपासून लांब ठेवा. छपाईचा सिलिंडर कोरायला जायच्या आधी हे सगळं बघा, नंतर दुरुस्ती म्हणजे नवा सिलिंडर.

पाच-दहा हजार पाऊच छापायची सध्या ऐपत नसेल तर साध्या पाऊचवर स्टिकर लावून सुरुवात करा, मी तेच सुचवेन. पण स्टिकरचं एक गणित लक्षात ठेवा. बाजारात सर्रास मिळणारा प्रिंटर २०३ डीपीआयचा, मिलिमीटरला ८ ठिपके. अर्धा ठिपका छापता येत नाही. ईएएनची बारीक रेघ दोन ठिपक्यांची केली तर पाव मिलिमीटर, म्हणजे ८० टक्क्यांच्या हद्दीच्या जरा खालीच. तीन ठिपक्यांची केली तर कोऱ्या जागेसकट ४२.४ मिलिमीटर रुंदी लागते, आणि सगळीकडे मिळणारं ३८ मिलिमीटरचं स्टिकर अपुरं पडतं. दुकानदार "बसवतो की" म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दाबून बसवतो आणि रेघांचं प्रमाण बिघडतं. ५० बाय २५ चा रोल घ्या, प्रश्न मिटला.

शाईच्या रिबनवाला प्रिंटर घ्या. कुरिअरच्या पावतीसारखं बिनरिबनचं स्टिकर उष्णतेनेच काळं होतं, त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ते करडं पडायला लागतं किंवा रेघा फिक्या होतात. आपल्याकडचा उन्हाळा प्रिंटर बनवणाऱ्याने पाहिलेला नसतो. रिबनमध्येही नुसती वॅक्सची, म्हणजे मेणाच्या शाईची घेतली तर हाताळून पुसट होते. हळदीच्या बुकटीत काम आहे, तर वॅक्स-रेझिन घ्या.

गटात पुढे तुम्हीच बिलं करणार असाल तर दोन बारक्या गोष्टी. गन म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी कीबोर्डच, आकडे टाइप करून एंटर मारते. म्हणून खराब झाली का बघायला नोटपॅड उघडून स्कॅन करा. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला असेल तर इंग्रजी अक्षरं असलेला कोड वाचताना स्क्रीनवर भलतीच अक्षरं उमटतात. एका दुकानात मी गन बदलून द्यायला गेलो होतो, दोष तेवढाच निघाला. दुसरं, क्रमांकांची यादी एक्सेलमध्ये ठेवताना ती कॉलम आधी टेक्स्ट करा. नाहीतर तेरा आकडी क्रमांक ८.९ई+१२ असा काहीतरी दिसतो, आणि तशीच सीएसव्ही फाइल मार्टला पाठवली की शेवटचे आकडे गायब.

छपाईआधी मार्टमध्येच जाऊन त्यांच्या गनवर नमुना तपासून घ्या. मोबाइलवर वाचला म्हणून खूश होऊ नका, मोबाइलचा कॅमेरा फार दयाळू असतो. आणि नमुना न्याल तेव्हा हळद भरलेलं, सील केलेलं पाकीट न्या. रिकाम्या पाकिटावर सगळे बारकोड चालतात. पाकीट भरलं की फुगतं, रेघा वळतात, सुरकुती पडते, आणि काउंटरवर तर भरलेलंच येणार आहे.